न्यू जर्सीत विमा एजंटचं लायसन्स: क्लास, परीक्षा आणि पुढची भानगड

सई_एडिसन

नमस्कार मंडळी. नवऱ्याचं आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झालं आणि मला नुकतंच एच-४ ईएडी, म्हणजे एच-१ वाल्याच्या जोडीदाराला मिळणारं काम करण्याच्या परवानगीचं कार्ड, मिळालंय. पुण्यात एका खासगी विमा कंपनीच्या क्लेम विभागात होते, त्यामुळे पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायची सवय आहे, आणि खरं सांगायचं तर आवडही. इथे एजंटचं लायसन्स काढावं असं डोक्यात घोळतंय.

मंडळाच्या दिवाळीला एक जोडपं भेटलं. फराळाच्या रांगेतच विषय निघाला. म्हणाले, आमच्या टीममध्ये ये, लायसन्सचं सगळं आम्ही बघतो, आधी थोडी फी भर. रविवारी झूमवर 'ओरिएंटेशन' आहे म्हणे.

तर विचारायचं असं की, लायसन्ससाठी आधी कुठल्या तरी कंपनीत शिरावंच लागतं का? क्लास किती तासांचा, परीक्षा कशी असते? आणि ईएडीवर हे सगळं चालतं ना?

अनू_पार्सिपनी

सई, मी इथे एका छोट्या स्वतंत्र एजन्सीत आहे. घर-गाडी जास्त, लाइफ थोडं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. हे नीट समजून घे, भारतातून आलेल्यांचा घोळ नेमका इथेच होतो. इथे लायसन्स राज्य देतं आणि ते तुझ्या नावावर असतं. न्यू जर्सीत देणारं खातं म्हणजे डिपार्टमेंट ऑफ बँकिंग अँड इन्शुरन्स, आम्ही सगळे 'डोबी' म्हणतो. कंपनी नंतर येते. ती तुला आपली एजंट म्हणून राज्याकडे नोंदवते, त्याला अपॉइंटमेंट म्हणतात. अशा कितीही कंपन्यांच्या अपॉइंटमेंट एका वेळी असू शकतात, आणि एकीशी फाटलं तरी लायसन्स तुझ्याकडेच राहतं.

केंद्राचं असं एक लायसन्स अमेरिकेत नाहीच. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचा कारभार राज्यांच्या हातात राहिला तो आजतागायत. म्हणून टेक्सासच्या चुलतभावाने सांगितलेलं ऐकून इथे काही करू नकोस.

आधी 'लाइन' ठरव. लाइफ, हेल्थ, प्रॉपर्टी आणि कॅज्युअल्टी (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) या मुख्य. प्रत्येकीला २० तासांचा मान्यताप्राप्त क्लास, दोन जोडीने घेतल्या की ४० तास. ऑनलाइन होतो. मग पीएसआय या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर परीक्षा, ७० टक्क्यांना पास. मग बोटांचे ठसे, ऑनलाइन अर्ज आणि फी. वय १८ पूर्ण हवं, डिग्री कोणी विचारत नाही. लायसन्स दोन वर्षांचं, आणि प्रत्येक नूतनीकरणाआधी २४ तासांचं शिक्षण, त्यातले ३ तास एथिक्सचे.

क्लासचे पैसे स्वतः भर. ती रक्कम फार नसते, पण "आम्ही तुझं लायसन्स काढून दिलं" हे पुढे ऐकावं लागत नाही.

खडूस

फराळाच्या रांगेत! म्हणजे अजून चकल्या संपल्या नव्हत्या तोवरच.

ही मंडळी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्येही भेटतात. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय" पासून सुरुवात, "तुम्ही पुण्याचे का" वर गाडी येते, आणि चहा संपेपर्यंत 'फायनान्शियल फ्रीडम'. यांचा धंदा विमा विकायचा कमी, माणसं जोडायचा जास्त. तू लायसन्स काढलंस की तुझ्या पहिल्या पॉलिसी कुणाच्या? नणंदेची, मावसबहिणीची, मुलाच्या मित्राच्या आईची. 'ट्रेनर' सोबत येणार, बोलणार तोच, कमिशनचा मोठा वाटाही त्याचाच. नातेवाईक संपले की तुझं कामही संपलं.

रानवारा

@खडूस, सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. मी अशाच टीममधून सुरुवात केली. समोरच्याच्या घरी जाऊन बोलायचं कसं, नकार पचवायचा कसा, हे तिथेच शिकले. पुस्तकात ते मिळत नाही. नंतर बाहेर पडले, पण शिव्या देणार नाही.

सईला एकच सांगते. सही करण्याआधी कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन गोष्टी शोध. एक 'व्हेस्टिंग': तू सोडून गेलीस तर जुन्या पॉलिसींचं पुढच्या वर्षांचं कमिशन तुला मिळणार की वरच्याला? दुसरी 'रिलीज': त्याच विमा कंपनीचं काम दुसऱ्या एजन्सीतून करायचं तर आधीच्या टीमचं पत्र लागतं का? बाहेर पडताना मला या दुसऱ्याच गोष्टीने रखडवलं. लायसन्स माझं, नंबर माझा, पण त्या कंपनीची पॉलिसी विकायची तर वरच्याची परवानगी हवी.

डॅलसकर

अनूताईंनी टेक्सासच्या चुलतभावाला उगाच मध्ये ओढलंय, तर त्याचं गाऱ्हाणं ऐका :)

आमच्याकडे जनरल लाइन्स लायसन्सला क्लासची सक्तीच नाही. पुस्तक घ्या, अभ्यास करा, पिअर्सन व्ह्यूकडे परीक्षा द्या. पासिंग ७०. बोटांचे ठसे, ५० डॉलरचा अर्ज, झालं. सक्ती नाही म्हणून लोक तयारी न करता जातात आणि आपटतात, तो भाग वेगळा. कॅलिफोर्नियात तर ६० टक्क्यांना पास करतात, पण परीक्षा सोपी आहे असं तिथला कोणी म्हणत नाही.

टँपाताई

आणि फ्लोरिडा ऐका. आमच्याकडे लायसन्सला नंबरनेच ओळखतात. लाइफ-हेल्थचं '२-१५', त्याला ६० तासांचा क्लास. घर-गाडी-धंदा सगळं विकायचं तर '२-२०', आणि त्याला २०० तास! चक्रीवादळांच्या राज्यात घराचा विमा विकणाऱ्याला एवढं यायलाच हवं, असं माझं मत. २० तासांत प्रॉपर्टी शिकून येणाऱ्यांची मला थोडी काळजीच वाटते, अनू, राग मानू नकोस.

अनू_पार्सिपनी

राग कसला, मलाही वाटते. २० तासांत परीक्षेपुरतं येतं. बाकीचं पहिला क्लेम शिकवतो.

सई_एडिसन

सगळ्यांचे आभार. ओरिएंटेशनला "या रविवारी जमणार नाही" असं कळवलंय. लगेच तीन व्हॉइस मेसेज आले.

ईएडीचं राहिलं. आणि अर्जात भारतातलं काय काय विचारतात?

अनू_पार्सिपनी

ईएडीवर चालतं. सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. बहुतेक राज्यांत चालणाऱ्या सामाईक अर्जात तू अमेरिकेची नागरिक आहेस का हे विचारतात. नसशील तर रेसिडेंट, म्हणजे राहत्या राज्याच्या, लायसन्ससाठी काम करण्याच्या परवानगीचा पुरावा जोडायचा. नुसत्या एच-४ वर, ईएडीशिवाय, हा विषयच काढू नये.

बाकी प्रश्न पार्श्वभूमीचे. कधी शिक्षा झाली का, खटला चालू आहे का, दुसरं कुठलं लायसन्स कधी रद्द झालं का. मुलांच्या पोटगीची थकबाकी आहे का हेही विचारतात, वाचून मी दचकलेच होते. विश्वासघात किंवा फसवणुकीच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला १९९४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे राज्याच्या विमा आयुक्तांची लेखी संमती घेतल्याशिवाय या धंद्यात पाय ठेवता येत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना लागू नाही, पण दडवलेली छोटी गोष्ट उघड झाली तर ती मूळ गोष्टीपेक्षा महाग पडते.

एक लक्षात ठेव. ईएडीची तारीख संपली आणि नवीन हातात नाही, तर काम थांबवायचं. लायसन्स चालू असलं तरी.

नाइटशिफ्ट

मी एच-१ वर, म्हणजे कंपनीने काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर, आहे. बायकोकडे ईएडी आहे, पण तिला विक्रीची आवड नाही. लायसन्स तिच्या नावावर काढून वीकेंडला गाठीभेटी मी घेतल्या तर? चालतं असं ऐकलंय.

डॅलसकर

नाही चालत. दोन ठिकाणी अडकाल.

एच-१ वर ज्या कंपनीने आणलं तिचंच काम करता येतं. पैसे बायकोच्या खात्यात गेले तरी काम तुम्ही केलंत. ते उद्या ग्रीन कार्डाच्या वेळी निघालं तर काय सांगणार? दुसरं, समोरच्याला पॉलिसी समजावून ती घ्यायला लावणं यालाच तर लायसन्स लागतं. विनालायसन्स माणसाने ते करणं आणि त्याच्यापर्यंत कमिशन पोचवणं, दोन्हींना बंदी आहे. तक्रार झाली तर बायकोचं लायसन्स जाईल. आणि तक्रार बाहेरचा करत नाही. हप्ता वाढलेला मित्रच करतो.

विमाकाका

नमस्कार. मी नाशिकला आयुर्विम्याचा एजंट, बरीच वर्षं. सध्या लेकीकडे प्लेन्सबरोला आलोय. धागा वाचून मौज वाटली.

आमच्या वेळी १०० तासांचं ट्रेनिंग होतं. मग ५० झालं, आता २५. परीक्षा आयसी-३८, ५० प्रश्न, एक तास, ३५ टक्क्यांना पास, मराठीतूनही देता येते. दहावी पास असलं की पुरे. पूर्वी लायसन्स इर्डा, म्हणजे विम्यावरची सरकारी नियामक संस्था, देत असे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते गेलं, आता कंपनीच नेमणूकपत्र देते. एक आयुर्विम्याची, एक जनरलची, एक आरोग्याची अशा कंपन्या धरता येतात, पण आयुर्विम्याच्या दोन नाही. त्यामुळे सईताई, "आधी कंपनी कुठली" हा तुमचा प्रश्न आपल्याकडच्या सवयीने अगदी बरोबर होता.

आता माझा प्रश्न. इथे आसपास पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा ओळखी झाल्यात. बसल्या बसल्या दोन-चार पॉलिसी आपल्या इकडच्या करून दिल्या तर?

अनू_पार्सिपनी

काका, अजिबात नको. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही हे एक, आणि ज्या राज्यात बसून विमा विकायचा तिथलं लायसन्स लागतं हे दुसरं. बाकावर बसून पत्रक दिलंत तरी ते विकणंच. ओळखी ठेवा, चहा प्या, पत्रकं नाशिकलाच राहू द्या.

पण तुम्ही आलात ते बरं झालं. सई, भारतातल्या अनुभवाने परीक्षेत कुठे चकतेस ते बघ. आपल्याकडे विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही. इथे ती मुदत दोन वर्षांची. आत्महत्येचं कलम आपल्याकडे १२ महिन्यांचं, इथे साधारण दोन वर्षांचं. प्रश्न दिसायला ओळखीचा, हात आपोआप जुन्या उत्तरावर जातो.

खडूस

काकांना एक विचारतो. पहिला हप्ता एजंटने भरायचा ही आपल्याकडची रीत अजून आहे का? माझ्या वडिलांनी एकही पॉलिसी पूर्ण हप्ता भरून सुरू केली नव्हती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

विमाकाका

आहे, आणि त्यानेच आमचं वाटोळं केलं. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे कमिशनातला वाटा ग्राहकाला देणं गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत. प्रपोजल फॉर्मवर ते कलम छापलेलं असतं, आणि त्याच फॉर्मवर सही करताना गिऱ्हाईक विचारतं, "मग आमचं काय?" मी देत नाही म्हटल्यावर उठून गेलेले लोक आहेत. वर्षभराने त्यांची पॉलिसी बंद पडली, कारण हप्ता भरून देणारा एजंट पुन्हा फिरकलाच नाही.

अनू_पार्सिपनी

इथे त्याला रिबेटिंग म्हणतात, न्यू जर्सीसह बहुतेक राज्यांत बंदी आहे. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा हे ठळक अपवाद. परीक्षेत यावर प्रश्न येतोच. आणि पहिल्या महिन्यात कोणी तरी देशी माणूस हसत हसत मागतोच, त्याचीही तयारी ठेव.

सई_एडिसन

क्लास सुरू केला. शब्दांनी डोकं भणभणलंय. अ‍ॅलिएटरी, अ‍ॅडहिजन, ट्विस्टिंग, चर्निंग... परीक्षेत नेमकं काय होतं कोणी सांगेल का?

अनू_पार्सिपनी

सेंटरवर गेलीस की खिसे उलटे करून दाखवायचे, बाह्या वर करायच्या, चष्मा असेल तर तोही काढून दाखवायचा. फोन, पर्स, घड्याळ लॉकरमध्ये. मग एक खुर्ची, एक पडदा, आणि चार पर्यायांचे प्रश्न. निकाल तिथल्या तिथे.

शब्दांना घाबरू नकोस, त्यांच्यामागची गोष्ट धर. ट्विस्टिंग म्हणजे खोटंनाटं सांगून चालू पॉलिसी मोडायला लावणं आणि दुसरी गळ्यात मारणं. चर्निंग त्याचाच भाऊ, फक्त बहुधा त्याच कंपनीतल्या जुन्या पॉलिसीचा पैसा उपसून नवी काढायची. अ‍ॅडहिजन म्हणजे करार एकट्या कंपनीने लिहिलाय, तू घे नाहीतर सोड, आणि म्हणून शब्द संदिग्ध असेल तर अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा. क्लेम विभागात होतीस, हे तू जगलीयेस.

हमखास येणारी एक जोडी: 'इन्शुरेबल इंटरेस्ट' कधी हवा? लाइफमध्ये पॉलिसी काढताना, प्रॉपर्टीमध्ये नुकसान होताना. घटस्फोटानंतरही आधीच्या नवऱ्याची पॉलिसी का चालू राहू शकते, आणि विकलेल्या घराचा क्लेम का मिळत नाही, दोन्ही यातून सुटतात.

प्रश्नात 'नॉट' आणि 'एक्सेप्ट' शोधत जा. राज्याच्या कायद्याचा भाग शेवटी ठेवून लोक कंटाळतात आणि तिथेच गळतात. तो आधी कर.

रानवारा

आणि लाइन कुठली ठरवलीस? माझं मत लाइफ-हेल्थ. पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा मोठा भाग कमिशन म्हणून येतो.

अनू_पार्सिपनी

...आणि पॉलिसी लवकर बंद पडली की परतही जातो. बऱ्याच कंपन्या कमिशन आगाऊ देतात. ग्राहकाने काही महिन्यांत हप्ते थांबवले की 'चार्जबॅक', म्हणजे तेवढी रक्कम तुझ्याकडून वसूल. तोवर तू ते पैसे खर्च केलेले असतात. शिवाय १०९९ वर, म्हणजे पगारी नोकर नसून स्वतंत्रपणे, काम करत असशील तर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा, आयकर त्याच्यावर. सई, पहिल्या चेकचा आकडा बघून सोफा घेऊ नकोस.

मी घर-गाडी का धरलं ते सांगते. कमिशन लहान, पण दरवर्षी येतं. आणि आपल्या लोकांना खरी गरज तिथे आहे. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाचं पाणी न्यू जर्सीत घुसलं तेव्हा कितीतरी घरांची तळघरं गेली. आपल्याकडे तळघर म्हणजे गालिचा, होम थिएटर, देवघर, पाहुण्यांची खोली, सगळं तिथे. लोक फोन करून विचारत होते, "होमओनर्स आहे ना आपला?" म्हणजे घराचा विमा. आहे, पण त्यात पूर येत नाही. पुराची पॉलिसी वेगळी. सरकारी योजनेत राहत्या घराला अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलर ही कमाल मर्यादा, तळघरातल्या वस्तूंना तर अगदी मोजकंच संरक्षण, आणि नवी पॉलिसी लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस लागतात. म्हणजे वादळाची बातमी ऐकून धावलात तर उपयोग नाही. संप पंप (तळघरात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) बंद पडून किंवा ड्रेनमधून उलटं पाणी आलं तर त्याला आणखी एक वेगळं कलम जोडावं लागतं. हे कलम वर्षाला थोडक्या पैशांत मिळतं आणि कोणी सांगत नाही म्हणून कोणी घेत नाही.

टँपाताई

हे वाचून २० तासांबद्दलचा शब्द मागे घेते. निदान या एका एजंटपुरता.

रानवारा

अनू, मान्य. पण ज्यांच्याकडे दोन लहान मुलं, एक पगार आणि साधा टर्म इन्शुरन्ससुद्धा नाही, त्यांना कोण सांगणार? टीमवाले त्यांना महागडं इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ (शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेला, बचतीसह आयुर्विमा) विकतात, कारण कमिशन त्यात आहे. टर्म विकणारा प्रामाणिक माणूस आपल्या मंडळींना हवाय. सईने दोन्ही घ्यावं.

सई_एडिसन

प्रॉपर्टी-कॅज्युअल्टी आधी घेतेय, लाइफ नंतर. अनूशी फोनवर बोलणं झालं, तिच्या ओळखीच्या एका एजन्सीत सर्व्हिसच्या कामाची जागा आहे. पगारी. क्लेमचा अनुभव त्यांना हवाच होता.

परीक्षेची तारीख घेताना एक अडचण आली. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये माझं आणि नवऱ्याचं नाव एकत्र आहे. ड्रायव्हिंग लायसन्सवर नवऱ्याचं नाव मिडल नेम झालंय, आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं आडनाव राहिलंय. नोंदणी कुठल्या नावाने करू?

डॅलसकर

महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाईची ही कहाणी. आमच्या घरी याच कारणाने ठसे दोनदा द्यावे लागले.

आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसात जाऊन कार्डावरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. मग परीक्षा, ठसे आणि अर्ज, तिन्ही ठिकाणी सेंटरवर दाखवणार त्या फोटो आयडीवरचं नाव, स्पेलिंगसकट. क्लासच्या सर्टिफिकेटवरही तेच. क्लासला नाव आधीच वेगळं दिलं असेल तर तास पूर्ण व्हायच्या आत बदलून घ्या.

सई_एडिसन

क्लासला नुसतं 'सई' दिलं होतं. आजच मेल टाकते.

आणि शेवटचं. माझी मावसबहीण पेनसिल्व्हेनियात, नदीपलीकडे. तिच्या घराचा विमा मला करता येईल?

अनू_पार्सिपनी

न्यू जर्सीच्या लायसन्सवर नाही. पण आधी इथलं रेसिडेंट लायसन्स हातात आलं की तिथलं नॉन-रेसिडेंट काढता येतं. पुन्हा परीक्षा नाही, क्लास नाही. एनआयपीआर या सगळ्या राज्यांचे लायसन्सचे अर्ज घेणाऱ्या संस्थेच्या साइटवरून अर्ज आणि त्या राज्याची फी, इतकंच. पहिलं लायसन्स मिळाल्यावर एनपीएन नावाचा एक राष्ट्रीय नंबर मिळतो, तो सगळीकडे तोच चालतो. पुढे कधी तुम्हीच पलीकडे राहायला गेलात तर मात्र रेसिडेंट लायसन्स तिकडे हलवावं लागतं. इथलं बंद केल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज केलास तर साधारणपणे परीक्षा माफ.

मावसबहिणीला तोवर सांग, सध्याच्या पॉलिसीचं डिक्लरेशन पेज (कशाला किती संरक्षण आणि हप्ता किती, हे लिहिलेलं पान) काढून ठेव. आणि तळघरात काय काय आहे त्याचे फोटोही.